रंगवलेली फरशी आणि रिकामी खुर्ची

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत फिरणाऱ्या कोणालाही एक दृश्य ओळखीचे असेल. पहिली-दुसरीच्या वर्गाच्या फरशीवर ऑइलपेंटने आखलेल्या चौकटी, अक्षरांची वर्तुळे, १ ते १०० अंकांची जाळी; आणि या सगळ्यावर ओळीने मांडलेले बाक. अशाच एका वर्गात मी उभा होतो तेव्हा अंकांच्या जाळीतील चाळिशीच्या पुढचा भाग बाकांखाली गेला होता आणि उरलेला झिजून पुसट झाला होता. बाईंना विचारले, तर त्यांनी सहजपणे सांगितले, ‘‘आधीच्या मॅडमनी केलं होतं. त्या बदलून गेल्या.’’ या बाई आळशी नव्हत्या. त्यांचा वर्ग स्वच्छ होता, वह्या तपासलेल्या होत्या, मुले त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत होती. फरशीवरच्या त्या आकृत्या कशासाठी आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, एवढेच.

सरकारी शाळांत नवे काही घडत नाही, ही तक्रार शहरी मध्यमवर्गात वारंवार ऐकू येते आणि ती खोटी आहे. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या देशातील प्राथमिक शिक्षणाचे जे महत्त्वाचे प्रयोग झाले, त्यांतील बरेचसे सरकारी शाळांतच झाले, किंवा बाहेर सुरू होऊन तिथे रुजवले गेले. खरी अडचण वेगळी आहे. प्रयोग घडतात आणि टिकत नाहीत. कारण प्रयोग हा एखाद्या ‘उपक्रमशील’ शिक्षकाचा गुण आहे असे आपली व्यवस्था मानते, ते संस्थेचे काम आहे असे मानत नाही. गुणाला पुरस्कार मिळतो. कामाला मात्र माणूस, वेळ आणि परवानगी लागते, आणि या तीनही गोष्टी द्यायला व्यवस्था तयार नसते. प्रयोगाचे एकक एकटा शिक्षक किंवा एकटी ‘आदर्श’ शाळा हे नसावे, तसेच सगळे राज्यही नसावे. ते दहा-पंधरा शाळांचे केंद्र असावे, असे मला वाटते, आणि या लेखात तेच मांडायचे आहे.

सुरुवात त्या फरशीपासूनच करू. ती पद्धत आली कुठून? सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधून. शिक्षण विभागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की काही शाळांचे मिळून एक केंद्र असते, काही केंद्रांचे मिळून एक बीट, आणि बीटचा कारभार विस्तार अधिकाऱ्याकडे असतो. कुमठे बीटमध्ये चाळीस शाळा होत्या आणि विस्तार अधिकारी होत्या प्रतिभा भराडे. २०१५ च्या आधीच्या काही वर्षांत या शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवायला सुरुवात केली. मुले ओळीत बसण्याऐवजी गटांत बसू लागली, फळा मुलांच्या हाताच्या उंचीवर आला, मणी, काड्या, खडे, खोट्या नोटा, चित्रे आणि शब्दपट्ट्या यांच्याशी खेळत मुले वाचायला आणि हिशेब करायला शिकू लागली. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, आणि राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याकडे धावू लागल्या. जे पाहिले ते परत जाऊन आपापल्या वर्गात करावे, अशी त्यामागची अपेक्षा होती.

पाहिले काय आणि केले काय, यात मात्र मोठे अंतर पडले. भेटीला गेलेल्यांच्या नजरेत भरली ती फरशी, कारण फरशीचा फोटो काढता येतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत गावोगावी लोकवर्गणी जमली, रंगारी आले, भिंती बोलक्या झाल्या, फरश्या रंगल्या, आणि तालुक्याच्या बैठकीत किती वर्ग ‘रचनावादी झाले’ याचे आकडे सांगितले जाऊ लागले. वर्ग रचनावादी होणे म्हणजे फरशी रंगणे, असे समीकरण रूढ झाले. फोटोत जे येत नव्हते ते मागेच राहिले. कुमठ्यात चाळीस शाळांमधील शिक्षक एकमेकांचे वर्ग पाहत होते, अडलेल्या मुलाबद्दल एकमेकांशी बोलत होते, आणि ज्या अधिकाऱ्याने एरवी दप्तर तपासायला यायचे ती अधिकारी वर्गात बसून मुलांशी बोलत होती. फरशी हा त्या बोलण्याचा शेवट होता. आपण शेवट उचलला आणि सुरुवात सोडून दिली.

हे आपल्याकडे पहिल्यांदा घडले असेही नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा आराखडा केला. हस्तोद्योग हा एक विषय म्हणून शिकवायचा, अशी ती कल्पना नव्हती. गणित, भूगोल, विज्ञान, समाजशास्त्र हे सगळेच हस्तोद्योगाच्या अंगाने शिकवायचे, अशी होती. साठ-सत्तरच्या दशकात मराठी शाळेत शिकलेल्या पिढीला त्यातले काय आठवते? टकळी, पेळू आणि आठवड्यातून एकदा येणारा सूतकताईचा तास. कापूस कुठून आला, त्याचा भाव कोण ठरवतो, सुताचा नंबर कसा काढतात, हे प्रश्न त्या तासाला कोणी विचारले नाहीत. टकळी उरली, तालीम गेली. फरशीची गोष्ट ही त्याच गोष्टीची पुढची आवृत्ती आहे, आणि ‘डिजिटल शाळा’, ‘आयएसओ मानांकित शाळा’ हे तिचेच आणखी काही खंड आहेत. शाळेला आयएसओ प्रमाणपत्र मिळाले म्हणून चौथीतल्या कोणत्या मुलाला भागाकार आला, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेले नाही.

याच्या उलट जे प्रयोग दीर्घकाळ टिकले, त्यांच्याकडे पाहायला हवे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा माध्यमिक पूर्व शाळांत सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी तो सुरू केला, पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने सांभाळला. पण शाळा सरकारी होत्या आणि शिक्षक सरकारी होते. १९७८ मध्ये तो पूर्ण जिल्ह्यात गेला आणि अखेरीस पंधरा जिल्ह्यांतील हजारभर शाळांपर्यंत पोहोचला. सहावी ते आठवीची मुले स्वतः प्रयोग करून, निरीक्षणे वहीत लिहून, आपापसांत भांडून विज्ञान शिकत. या कार्यक्रमाच्या कौतुकात बहुधा प्रयोगपेटीचा उल्लेख होतो, काड्यापेटी, सायकलच्या नळ्या, इंजेक्शनच्या सुया यांपासून बनवलेल्या स्वस्त उपकरणांचा. मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात त्या दोन गोष्टी, ज्यांचे फोटो निघत नाहीत. पहिली म्हणजे परीक्षा. मुलांना पुस्तक आणि वही सोबत घेऊन परीक्षा देता येई, प्रात्यक्षिकाचे गुण वेगळे असत, आणि याला शासनाची मान्यता होती. वर्षभर विचार करायला शिकवायचे आणि मार्चमध्ये व्याख्या पाठ म्हणून घ्यायची, हा दुटप्पीपणा तिथे नव्हता. दुसरी म्हणजे मासिक बैठक. आसपासच्या शाळांचे विज्ञान शिक्षक दर महिन्याला संगम केंद्रावर जमत, पुढच्या महिन्याचे प्रयोग स्वतः करून पाहत आणि मागच्या महिन्यात काय फसले ते सांगत. प्रयोग फसला हे कबूल करण्याची अधिकृत जागा सरकारी व्यवस्थेत असणे, ही मला क्रांतिकारक गोष्ट वाटते. आपल्याकडच्या बैठकीत फसलेले काहीच नसते. तिथे शंभर टक्के मुले ‘प्रगत’ असतात.

हा कार्यक्रम तीस वर्षे चालला आणि २००२ मध्ये राज्य सरकारच्या एका निर्णयाने बंद झाला. म्हणजे परीक्षा आणि बैठक असली की प्रयोग अमर होतो असे मी म्हणत नाही. राजकीय मर्जी फिरली तर काहीही बंद पडू शकते. पण एका शिक्षकाच्या बदलीने जे संपते त्याची आणि ज्याला संपवायला मंत्रिमंडळाला हात घालावा लागतो त्याची जात वेगळी असते. पाबळच्या विज्ञान आश्रमाचेच पाहा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये ही संस्था सुरू केली आणि शेती, वीजकाम, फॅब्रिकेशन, आहार अशी प्रत्यक्ष कामे गावातली मुले आठवी ते दहावीत शाळेतच शिकतील असा ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा अभ्यासक्रम उभा केला. दहावीच्या मंडळाने त्याला विषय म्हणून मान्यता दिली. ती मान्यता मिळाल्यामुळेच तो पाबळच्या बाहेरच्या शाळांत जाऊ शकला, कारण मुख्याध्यापकाला तो वेळापत्रकात मांडता आला आणि पालकाला गुणपत्रिकेत दिसला.

आता आजच्या धोरणाकडे वळतो. सरकारी शाळेत वेगळे काही करायचे म्हटले की आपल्या राज्यकर्त्यांना, पक्ष कोणताही असो, दोनच वाटा सुचतात. एक म्हणजे निवडक शाळांना झळाळी देणे. राज्याने ४८८ शाळा ‘आदर्श शाळा’ म्हणून निवडल्या. केंद्र सरकारने २०२२ मध्ये देशातील साडेचौदा हजार शाळांसाठी २७,३६० कोटी रुपयांची पीएम श्री योजना जाहीर केली. देशात सरकारी शाळा दहा लाखांच्या घरात आहेत हे लक्षात घेतले, तर हा हिस्सा दीड टक्क्याच्या आसपास भरतो. या शाळांकडे पाहून बाकीच्या शिकतील, असे म्हटले जाते. शेजारच्या वस्तीतल्या दोन शिक्षकी शाळेने प्रयोगशाळा, वाचनालय आणि क्रीडांगण असलेल्या शाळेकडे पाहून नेमके काय शिकायचे? आपल्याकडे काय नाही, एवढेच ती शिकेल. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या शाळेने गावाच्या बळावर जे उभे केले त्याचा अभिमान मलाही आहे; प्रवेशासाठी प्रतीक्षायादी असलेली जिल्हा परिषद शाळा हे चित्रच आपल्याला नवे होते. पण प्रतीक्षायादी हा शब्द सार्वजनिक शिक्षणात यशाचा असू शकत नाही. ज्या नळाला पाणी आहे तिथे रांग लागली, याचा अर्थ बाकीचे नळ कोरडे आहेत.

दुसरी वाट म्हणजे पाटी बदलणे. महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ निवडक जिल्हा परिषद शाळांपासून सुरू झाले आणि सरकार बदलल्यावर थोड्याच काळात गुंडाळले गेले. मुंबई महापालिकेने ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने केंद्रीय आणि इतर मंडळांच्या शाळा काढल्या, त्यांना प्रतिसादही मोठा मिळाला. पालकांना दोष देण्याचे कारण नाही; खासगी शाळेची फी परवडत नसलेल्या घराला तेच मंडळ फुकट मिळत असेल तर ते घर तिकडे जाणारच. तरीही मंडळ बदलणे हा शिक्षणातला प्रयोग नव्हे. त्याच खोलीत, तेवढ्याच मुलांना, त्याच पद्धतीने वेगळे पुस्तक शिकवले तर पुस्तक बदलते, शिकणे बदलत नाही.

झळाळी आणि पाटी या दोन्हींत एक सोय आहे, ती म्हणजे शिक्षक कोण, तो किती वर्षे राहणार, त्याच्या दिवसाचे तास कुठे जातात, या अवघड प्रश्नांना हात घालावा लागत नाही. म्हणून आधी बदलीविषयी बोलू, कारण शाळेत घडणाऱ्या प्रत्येक चांगल्या गोष्टीची अखेर या शब्दाशी येते. जिल्हा परिषद शिक्षकांच्या जिल्ह्यांतर्गत बदल्यांचे धोरण फेब्रुवारी २०१७ मध्ये बदलले आणि बदल्या संगणकावर होऊ लागल्या. अवघड क्षेत्र, सर्वसाधारण क्षेत्र, सेवेची वर्षे, संवर्ग असे निकष ठरले. या बदलाला नावे ठेवण्यापूर्वी आधी काय होते ते आठवावे. पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर ‘रस्त्यावरची’ शाळा मिळायची आणि ज्याचा कोणी वाली नाही तो डोंगरातल्या वाडीवर निवृत्त व्हायचा. संगणकाने तो अन्याय बराच कमी केला, आणि वाडीवर दहा वर्षे काढलेल्या शिक्षिकेला घराजवळ येण्याचा हक्क आहेच. पण संगणकाला शाळा दिसत नाही, फक्त पद दिसते. चार वर्षे खपून दोन शिक्षकांनी एक पद्धत बसवली असेल आणि त्यांना तिथेच राहायचे असेल, तरी ‘खो’ मिळाला, म्हणजे त्यांचे पद दुसऱ्या कोणी मागितले, की दोघेही दोन दिशांना जातात. नंतर येणाऱ्याला कपाटात साहित्य सापडते, त्याची रीत सापडत नाही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे प्रशिक्षण. सगळ्या शिक्षकांना सगळे शिकवून ठेवले की कोणीही कुठेही गेला तरी चालेल, असा हा विचार आहे. तो का फसतो याचा चांगला पुरावा आपल्याच देशात आहे. ‘प्रथम’ संस्थेने मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून शिकवण्याची पद्धत मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत बालसखींच्या, म्हणजे वस्तीतल्याच तरुण साहाय्यिकांच्या, मदतीने रुजवली, आणि पुढे अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या राज्यांत तिची काटेकोर तपासणी केली. बिहारमधला अनुभव विचार करायला लावणारा आहे. सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात ही पद्धत वापरली तेव्हा मुले भराभर वाचू लागली; शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य देऊन तीच पद्धत शाळेच्या नेहमीच्या दिवसात वापरायला सांगितले तेव्हा फरक जवळपास दिसेना. शिक्षक सरकारीच, मुले तीच, साहित्यही तेच, मग बदलले काय? उन्हाळ्यात शिक्षकाला तेवढे एकच काम होते, आणि जूनमध्ये पाठ्यपुस्तक ‘संपवायचे’ होते. पुढे हरियाणात शाळेच्या वेळापत्रकातच या कामासाठी रोजचा एक तास राखून ठेवला, त्या तासाला मुले इयत्ता सोडून पातळीप्रमाणे बसतील असे ठरवले, आणि शाळांना भेटी देणाऱ्या सरकारी समन्वयकांना आधी स्वतः वर्गावर ही पद्धत शिकवायला लावून मग देखरेखीचे काम दिले. तिथे सरकारी शिक्षकांच्या हातून, शाळेच्या वेळात, वाचन सुधारले.

हरियाणाच्या त्या समन्वयकाचे महाराष्ट्रातले नाव केंद्रप्रमुख. आपल्याकडे ही रचना नव्याने उभारायची गरजही नाही. १९९४ च्या शासन निर्णयाने राज्यात ४,८६० केंद्रे आणि तेवढीच केंद्रप्रमुखांची पदे ठरली. जिल्हा परिषदांच्या साठ हजारांच्या आसपास शाळा धरल्या तर एका केंद्रात सरासरी बारा शाळा येतात, म्हणजे तीस-चाळीस शिक्षक, जे एकमेकांना नावाने ओळखतात आणि मोटारसायकलवर अर्ध्या-पाऊण तासात एकमेकांच्या शाळेत पोहोचू शकतात. शिक्षणाच्या प्रयोगासाठी यापेक्षा योग्य आकार मला सुचत नाही. एक शाळा फार लहान, तिथले दोन शिक्षक गेले की खेळ संपला. जिल्हा फार मोठा, तिथे शिक्षक आकडा होतो. केंद्रात मात्र दोघे बदलून गेले तरी पद्धत जाणणारे तीस जण उरतात, आणि नव्याने आलेल्या बाईंना फरशीवरची जाळी कशासाठी हे सांगायला पुढच्या वाडीतली शिक्षिका असते.

या रचनेचे आपण काय केले? २०२३ मध्ये २,३८४ केंद्रप्रमुखांची पदे भरण्यासाठी विभागीय परीक्षेची जाहिरात निघाली, आणि ती परीक्षा पुढे ढकलली गेली. ज्या पदावर शैक्षणिक नेतृत्व अवलंबून, ती इतक्या मोठ्या संख्येने भरायची शिल्लक असताना राज्याने नवे उपक्रम जाहीर करण्याचे काही थांबवले नाही. रिकाम्या केंद्राचा ‘प्रभार’ एखाद्या ज्येष्ठ मुख्याध्यापकाकडे किंवा शेजारच्या केंद्रप्रमुखाकडे जातो. तो माणूस मग दोन केंद्रांची माहिती गोळा करतो, कारण आज केंद्राचे मुख्य काम माहिती गोळा करणे हेच झाले आहे. यू-डायस आणि सरल या शाळांच्या माहितीप्रणाली, पोषण आहार, आधार जुळणी, शिष्यवृत्ती, आणि दर दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर येणारी ‘आज सायंकाळपर्यंत भरावयाची’ एखादी लिंक. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम देऊ नका असे सांगते; लिंक भरणे हे ‘शैक्षणिक’ कामच आहे, असा आपला बचाव असतो.

केंद्राला प्रयोगाचे एकक मानायचे तर काही गोष्टी लिखित स्वरूपात द्याव्या लागतील. ज्या केंद्रातील बहुसंख्य शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्या एखादी पद्धत पाच वर्षे चालवायला तयार असतील, मग ती पातळीनुसार गट करण्याची असो, बोलीभाषेतून वाचनाकडे नेणारी असो की परिसरातल्या शेतीवर आणि पाण्यावर आधारलेली असो, त्या केंद्राशी जिल्हा परिषदेने पाच वर्षांचा करार करावा. त्या मुदतीत त्या शिक्षकांच्या बदल्या त्यांची स्वतःची विनंती असल्याखेरीज होऊ नयेत, आणि झाल्याच तर केंद्राच्या आत व्हाव्यात. घरी जाण्याचा कोणाचा हक्क यामुळे मारला जात नाही. राहू इच्छिणाऱ्याला राहण्याचा हक्क मिळतो, जो आज कोणालाच नाही. केंद्रप्रमुखाने आठवड्यातून काही तास स्वतः वर्गावर शिकवावे. महिन्याची शिक्षण परिषद, जी आज पत्रके वाचून दाखवण्यात संपते, ती होशंगाबादच्या धर्तीवर फसलेल्या गोष्टी मांडण्याची जागा व्हावी. आणि सर्वांत अवघड मागणी अशी की, त्या पाच वर्षांत वरून येणारा कोणताही नवा अभियान, सप्ताह, पंधरवडा किंवा स्पर्धा नाकारण्याचा अधिकार केंद्राला असावा. शाळेला काय करता येते यापेक्षा तिला काय न करण्याची मुभा आहे, यावर प्रयोगाचे आयुष्य ठरते. पैशाचा उल्लेख मी मुद्दामच केलेला नाही, कारण मणी आणि शब्दपट्ट्या यांना फारसे पैसे लागत नाहीत. तासांना लागतात.

आक्षेप येतील आणि त्यांतला एक गंभीर आहे. एका केंद्रातल्या मुलांनी एका पद्धतीने शिकायचे आणि दुसऱ्या केंद्रातल्यांनी दुसऱ्या, ही असमानता नाही का? समान शिक्षणाची लढाई ज्यांनी लढली त्यांच्या तोंडी हा आक्षेप शोभतो, आणि म्हणून त्याला उत्तर द्यायला हवे. मुलाने तिसरीच्या अखेरीस काय करू शकावे हे राज्यभर एकच असावे आणि बाहेरच्या माणसाने तपासावे. केंद्राने स्वतःच स्वतःला प्रगत घोषित करू नये. पण तिथपर्यंत पोहोचण्याची वाट एकच असली पाहिजे, या आग्रहाने समानता येत नाही. धडगावातल्या पावरी बोलणाऱ्या मुलीला आणि पुण्याच्या उपनगरातल्या मुलाला पहिल्या दिवशी एकच धडा एकाच भाषेत वाचायला देणे, याला समान संधी म्हणणे अवघड आहे. पालकांचा आक्षेप वेगळा असतो: ‘‘पोरं नुसती खेळत्यात, लिव्हत न्हाईत.’’ हे अज्ञानातून आलेले बोलणे आहे असे समजून हसण्यावारी नेणारे शिक्षक मला आवडत नाहीत. ज्याने स्वतः शाळेत पाटीवर गिरवले, त्याला मण्यांच्या माळेत गणित दिसण्याचे कारण नाही. ते दाखवणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि कायद्याने तीन-चतुर्थांश पालक असलेली शाळा व्यवस्थापन समिती त्यासाठीच आहे, केवळ सह्यांसाठी नव्हे.

शेवटचा मुद्दा लहान शाळांचा, कारण वरची सगळी चर्चा त्यांच्याच जिवावर उठलेल्या काळात चालली आहे. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांचा हिशेब २०२३ मध्ये पुढे आला तेव्हा त्यांची संख्या पावणेपंधरा हजारांच्या घरात होती आणि त्यांत सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार मुले होती, म्हणजे शाळेमागे बारा-तेरा. त्याच सुमारास ‘समूह शाळे’ची कल्पना पुढे रेटली गेली, पानशेत आणि तोरणमाळचे दाखले दिले गेले. लहान शाळा एकत्र करून, बसची सोय करून, मोठ्या इमारतीत मुले आणावीत म्हणजे त्यांना सोबती, खेळ, विषयशिक्षक मिळतील, असा तो युक्तिवाद आहे. उच्च प्राथमिक वर्गांसाठी त्यात तथ्य असेलही. पण सहा वर्षांच्या मुलाला पावसाळ्यात घाटाच्या पलीकडे पाठवायचे की घरी ठेवायचे, यावर वाडीतले कुटुंब काय ठरवेल, विशेषतः मूल मुलगी असेल तेव्हा, हे ओळखायला सर्वेक्षण लागत नाही.

विरोधाभास असा की बारा मुले, चार इयत्ता आणि दोन शिक्षक ही जी अवस्था आपण समस्या म्हणून मांडतो, तिच्यातूनच बहुवर्ग अध्यापनाची सर्वांत गाजलेली भारतीय पद्धत जन्मली. आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली संस्थेने आसपासच्या एकशिक्षकी शाळांसाठी अभ्यासक्रमाचे छोट्या छोट्या कार्डांत तुकडे केले आणि ते एका शिडीवर मांडले. प्रत्येक मूल आपापल्या पायरीवर, आपापल्या गतीने चढते, थोरले धाकट्याला हात देते, आणि शिक्षक वर्गाला व्याख्यान न देता गटागटांत बसतो. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्याच्या सरकारी शिक्षकांनी ती पद्धत पाहिली आणि १९९५ मध्ये, युनिसेफच्या साहाय्याने, कन्नड शाळांसाठी स्वतः बसवली; तिचे नाव नली-कली, म्हणजे आनंदाने शिकणे. पुढे कर्नाटकाने ती राज्यभरातल्या सरकारी शाळांच्या पहिल्या इयत्तांना लागू केली. राज्यव्यापी झाल्यावर तिचा कस उतरला, असे म्हणणारे कर्नाटकातच पुष्कळ आहेत, आणि माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने ते अपेक्षितच आहे: तालुक्यातल्या शिक्षकांनी घडवलेली गोष्ट आदेशाने गेली की कार्डे पोहोचतात, कार्डे लिहिणारे पोहोचत नाहीत.

पश्चिम घाटात, मेळघाटात, सातपुड्यात आपल्याकडे अशी केंद्रे आहेत ज्यांतील निम्म्याहून अधिक शाळा वीसच्या आतल्या पटाच्या असतील. त्या बंद करण्याचा प्रस्ताव पुढच्या वेळी मांडताना शिक्षण विभागाने त्यांपैकी निदान प्रत्येक जिल्ह्यातले एक केंद्र निवडावे, तिथल्या रिकाम्या खुर्चीवर शिकवणारा केंद्रप्रमुख बसवावा, त्याच्या फोनवर येणाऱ्या लिंक बंद कराव्यात आणि पाच वर्षांनी तिथल्या तिसरीतल्या मुलांना वाचायला देऊन पाहावे. समूह शाळेच्या बसला जेवढे डिझेल लागेल, त्यापेक्षा या कामाला खर्च जास्त येईल असे वाटत नाही.